पुढं पाणी नाही

धरण खचलं आणि मोगरवाडीचा कालवा मुख्य जलमार्गापासून तुटला. आपली आपण चालणारी एक होडी तेव्हापासून आतच अडकली होती. रोज संध्याकाळी ती कालव्याच्या बंद दारापाशी येई आणि विचारी, "वेणू, दार उघडतेस का गं?"

होडीनं हा आवाज आपल्या जुन्या नावाड्याकडून, वेणूच्या नवऱ्याकडून उचलला होता. तो जाऊन बारा वर्षं झाली होती. दार राखणारी वेणू रोज सांगे, "पुढं पाणी नाही. माघारी जा."

आज कालवा पुन्हा जोडला गेला. मुख्य मार्गावर शिरताच तिथल्या नियमानं प्रत्येक होडीचा जुना आवाज पुसला जाई.

धुक्यातून होडी आली. "वेणू, दार उघडतेस का गं?"

दारापलीकडे पाणी काठोकाठ चमकत होतं.

"पुढं पाणी नाही," वेणू म्हणाली. "उद्या ये."