बिनमिठाचं रानडुक्कर

“भावजी, ती पळी खाली ठेवा आधी!”

सत्यभामाबाई ओसरीवरूनच ओरडली. गोठ्यामागं तीन दगडांच्या चुलीवर रानडुकराचं मटण शिजत होतं. तिचा दीर प्रभू पळीतला रस्सा फुंकून चाखत होता. त्याच्या दुसऱ्या मुठीत काय आहे, ते तिला न बघताच कळलं.

“चिमूटभरच मीठ हाय, वैनी,” प्रभू ओशाळला. “दादाला अळणी घालायला जीव धजत न्हाई माझा.”

मागच्या खेपेलाही त्याचा जीव असाच धजला नव्हता. त्या मायेपायी तिचा नवरा मसाजी टम्म सुजला, धाप लागली आणि जीप करून नांदेड गाठावं लागलं. मसाजीच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. दवाखान्यात मशीनवर रक्त धुऊन आणायचं, तेव्हा कुठं माणूस उभा राहायचा. मशीन ताकद ओढून घेतं, म्हणून अंडी, मटण खाऊ द्या, असं डॉक्टरच म्हणाले होते. डुकराचंही चालेल, पण थोडं, ताजं आणि बिनमिठाचं.

पथ्य म्हणजे वरणाचं पाणी, एवढंच ठाऊक असलेलं हट्टा गाव या पथ्याला हसलं. मसाजी हसला नाही. त्यानं अळणी ताट सरकवून दिलं. “असलं खाऊन जगण्यापरीस मेलेलं बरं. आता नांदेडला बी येत न्हाई मी,” असं त्यानं सांगून टाकलं. आणि मसाजी बोलला म्हणजे बोलला, देव आला तरी ऐकायचा नाही. नांदेड चुकलं तर माणूस हातचा जाणार, हे सत्यभामाबाईला ठाऊक होतं.

त्या घरी रानडुक्कर गड्यांनीच शिजवायचं, बाहेरच खायचं आणि आंघोळ करून मगच उंबरा ओलांडायचा, असा रिवाज. सत्यभामाबाई तर माळकरी. त्या चुलीकडं तिनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. वासानंच तिला मळमळायचं.

आज ती पदर खोचून थेट चुलीपाशी आली.

“उठा भावजी. जो चाखतो, त्याचा हात मिठाकडं जातोच. मी काय चाखणार न्हाई.”

बाजेवर पडलेला मसाजी धडपडत उठून बसला. “काहून पाप घेऊन राहिलीस? गळ्यात माळ हाय तुझ्या!”

“माझ्या गळ्यात हाय,” ती म्हणाली. “तुमच्या न्हाई.”

तिला किळस येत होती, भीतीही वाटत होती. विठ्ठला, सांभाळून घे रे बाबा, असं पुटपुटत तिनं प्रभूचा रस्सा ओतून दिला. धुतलेल्या पातेल्यात नव्या फोडी उकडल्या, ते पाणी फेकलं, ठेचलेला लसूण आणि मिरी घातली. सगळं अंदाजानं. मग मोजक्या फोडी ताटात घेऊन ती मसाजीपुढं बसली.

मसाजीनं घास घेतला. बराच वेळ चावला. तोंड वाकडं करता करता त्यानं तिच्याकडं पाहिलं. बाई घामानं भिजली होती.

“कसं झालंय?” तिनं विचारलं. “मला काय कळायचं न्हाई.”

तोंडावर खरं बोलून अर्धं गाव तोडलेला मसाजी दुसरी फोड उचलत म्हणाला, “मीठ बराबर पडलंय.”