बापाच्या गळ्यातला उतार

प्रार्थनेच्या शेवटच्या ओळीला वडिलांचा आवाज हळूच खाली यायचा. भरल्या आभाळातून पाखरू घरट्यात उतरावं, तसा. वडील जाऊन किती वर्षं झाली, पण झेलिगच्या कानात तो उतार अजून ओला होता.

आणि हा नफ्ताली नेमका तिथेच वर जात होता.

"थांबा." झेलिगने टेबलावर हात आपटला. सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या त्या प्रार्थनाघरात, तालमीला जमलेली सगळी पोरं गप्प झाली. "खाली यायचं रे, खाली. जिना उतरतोस ना घरी? तसं."

"झेलिगगुरुजी, सूरच वर ओढतो," नफ्ताली म्हणाला. "मी काय करू?"

"तुझं शहाणपण आईला ऐकव. युद्धात आमचं अख्खं गाव पुसलं गेलं, ही एक चाल तेवढी वाचली. माझ्या बापाने ती गळ्यात घालून मेलबर्नपर्यंत आणली. आणि तू तिला पंख लावतोस?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. झेलिगचं डोकं आणखी तापलं. उद्या संध्याकाळी ज्यूंचं नवं वर्ष लागणार. सणाला वाद्य वर्ज्य, नुसते गळे. चूक झाकायला काही नाही. बाहेरून ट्राम खणखणत गेली. पोरं पुन्हा गायली. नफ्ताली पुन्हा वर.

"बस झालं. हो बाजूला. सगळ्यांदेखत सांगतो, तुझी एकट्याने गायची लायकी नाही."

नफ्तालीचे कान लाल झाले. तो मंचाची पायरी उतरू लागला.

मागच्या बाकावर फिशेलकाका मधाचा केक चघळत बसले होते. वडिलांचे बालमित्र, त्या गावच्या गाणाऱ्या पोरांतले आता एकटेच उरलेले.

"झेलिग, पोराला तिथंच राहू दे," ते म्हणाले. "चाल वरच जाते."

"काका, तुम्हीसुद्धा? बाबा जन्मभर खाली गायले."

"गायला. पण आधी वरच जायचा." काकांनी हातावरचे कण झटकले. "आजवर बोललो नाही. याच सणाला, भर प्रार्थनेत, त्याच जागी तुझ्या बापाचा आवाज फुटला. वयच तसलं. सूर धाडकन खाली आला. भरल्या सभेत तो उघडा पडू नये, म्हणून आम्ही सगळी पोरं त्याच्यामागोमाग खाली उतरलो. ते कायमचेच."