आबांच्या चालीनं

शाळेच्या रोबोटिक्सच्या लॅबमध्ये वेदिका जमिनीवर काळी पट्टी चिकटवत होती. दारापासून थेट खिडकीपर्यंत. त्या पट्टीवरून तिची छोटी गाडी पाण्याचा पेला आणि गोळ्यांची डबी घेऊन पुढं जाणार आणि मागून आबा चालणार, असा नववीच्या प्रदर्शनातला तिचा प्रयोग होता.

आबा म्हणजे तिचे आजोबा, दामोदरराव. बायपासनंतर पुण्याहून बंगळूरला, व्हाइटफील्डला मुलाकडं राहायला आलेले. आज त्यांनी मुद्दाम इस्त्रीचा सदरा घातला होता.

मकरंद, वेदिकाचा बाप, भिंतीला टेकून उभा होता आणि मनातल्या मनात खूश होता. सकाळी लेक आंघोळीला गेलेली असताना त्यानं ती गाडी हॉलमध्ये चालवून पाहिली होती. जरा पुढं गेली की थांबायची, उगाच उभी राहायची, मग परत निघायची. प्रोग्रॅममध्ये पोरीनं जागोजागी थांबायच्या सूचना घालून ठेवल्या होत्या. उभी हयात सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या माणसाला ते बघवेना. त्यानं त्या सगळ्या उडवल्या. गाडी कशी लोण्यासारखी सरकायला लागली. वेदिकाला तो काही बोलला नाही. तिथंच बघेल आणि चकित होईल, असं त्याला वाटलं.

मंजुनाथ सर परीक्षक बाईंना घेऊन आले. वेदिकानं इंग्रजीत सगळं नीट समजावलं. मग मागं वळून म्हणाली, "आबा, निघायचं?"

"चला अक्का," आबा म्हणाले. पोरीबाळींना अक्का म्हणायचं त्यांनी इथं आल्यावर कानडी वॉचमनकडून उचललं होतं.

गाडी निघाली. आबा निघाले. थोडं चालून, सवयीनं, ते छातीवर हात ठेवून उभे राहिले. गाडी मात्र थांबली नाही. आबांनी चमकून खाली पाहिलं. नातीचा प्रयोग फसू नये म्हणून ते घाईघाईनं गाडीमागं गेले. पुन्हा मागं पडले, पुन्हा घाई केली. मग एका बाकाचा आधार घेऊन तिथंच टेकले. गाडी पाणी घेऊन खिडकीशी पोचली होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वेदिका गाडीकडं नाही, आबांकडं धावली. मंजुनाथ सरांनी खिडकीपाशी जाऊन पेला आणून दिला.

"गाडी थांबायची," वेदिका परीक्षक बाईंना सांगत राहिली. "कालपर्यंत थांबत होती, मॅडम."

मकरंद पुढं झाला. "वेदू, अगं तो बग होता. मी सकाळी काढला."

"बग नव्हता, बाबा. आबांना जिथं दम लागतो तिथं ती थांबायची. रोज दुपारी आम्ही दोघं घराबाहेरच्या पॅसेजमध्ये चालून बघत होतो."

"मग मला सांगायचं नाही का?"

"तू विचारलंस कुठं?"

चूक आपली आहे, मुलीची नाही, असं मकरंदनं मंजुनाथ सरांना दोनदा सांगितलं. "सरी सर, सरी," असं कानडीत 'ठीक आहे' म्हणत सरांनी मान हलवली. परीक्षक बाई एव्हाना शेजारच्या टेबलावर वाकल्या होत्या. वेदिका गुडघ्यांवर बसून पट्टी उखडू लागली. मकरंद दुसऱ्या टोकाकडून उखडायला वाकला, तर ती म्हणाली, "राहू दे, मी करते."

घरी जाताना रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. आबा पुढच्या सीटवर होते, वेदिका मागं.

"घरी गेलो की आधी होतं तसं करून देतो," मकरंद आरशात बघत म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे."

"कुठं किती थांबायचं, तुला माहितीये?"

सकाळी मकरंदनं ते आकडे न वाचताच पुसले होते. आबा कुठल्या खांबाशी उभे राहतात, किती वेळ उभे राहतात, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

आबांनी मागं वळून नातीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाबाला नको गं बोलूस," ते म्हणाले. "मीच जरा भरभर चालायला हवं होतं."