हातमोजे

दौलतरावांनी ज्या कारखान्याला जमीन विकली, त्यानंच त्यांची विहीर नासवली. तक्रार झाली, म्हणून अंबरनाथच्या लॅबमधून पाण्याचा नमुना घ्यायला मी माझ्याच आजोळच्या नव्हे, आजाच्या गावी गेले. पाण्यावर जांभळा फेस, आणि रसायनाचा उग्र वास.

"तुझा आजा इथं लांब उभा राहायचा, आमच्यातलं कुणी वरून पाणी ओतेल म्हणून," दौलतराव म्हणाले. "आज त्याची नात मॅडम झाली. बरं वाटलं."

मी रबरी हातमोजे चढवले. ते मोठ्या मनानं हसले.

"काढ ते, पोरी. आता आम्ही शिवाशिव पाळत नाही."

"मी पाळते, काका," दोराला बाटली बांधत मी म्हटलं. "या पाण्याला हात लागला, तर घरी जाऊन आंघोळ करावी लागते."