तसं काही नाही

अध्यक्षांचा हात बाईंच्या खांद्यावर पडला आणि बाई हसल्या.

बालवर्गाच्या खोलीत त्या सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. तीस मुलं, भिंतीला टेकलेले पालक, दाराशी मोठ्या बाई, आणि टेबलावर लाल फितीत बांधलेला चित्रांच्या पुस्तकांचा गठ्ठा. पुस्तकाचं नाव 'मी सांगणार'. आधी शाळेत त्याची एकच प्रत होती, आता संस्थेच्या अध्यक्षांनी प्रत्येक मुलाला एक भेट दिली होती. मुलांनी निर्भीड व्हायला हवं, मनातलं बोलायला शिकायला हवं, असं घसघशीत भाषणही ठोकलं होतं. आता फोटो राहिला होता.

"बाई, जरा साहेबांच्या जवळ सरका," फोटोवाला म्हणाला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. साहेब स्वतःच सरकले.

हा हात बाईंच्या चांगला ओळखीचा होता. चार वर्षांपासूनचा. जिन्यात, ऑफिसात, पालकसभेत तो खांद्यावर पडायचा आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. अंगठा तेवढा मागे पाठीवर फिरत राहायचा. चेहरा मात्र वडीलधाऱ्या माणसाचा. पहिल्या वर्षी शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिकेने विचारलं होतं, "तुला त्रास होतोय का गं?" बाई म्हणाल्या होत्या, "छे, तसं काही नाही." तेव्हापासून हे तीन शब्द त्यांच्या जिभेवर तयारच असत. मोठ्या बाईंना सगळं दिसत होतं. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

बाई अजून तात्पुरत्याच होत्या. त्यांना कायम करायचा कागद अध्यक्षांच्या टेबलावर पडून होता आणि त्यावर सोमवारी सही व्हायची होती. घरी म्हातारे आईवडील, आणि कमावणाऱ्या या एकट्याच. म्हणून हात पडला की बाई हसायच्या. घरी गेल्यावर भांडी आपटायच्या.

आणि याच बाई गेले पंधरा दिवस मुलांना 'मी सांगणार' शिकवत होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते याला. पुस्तकाच्या पाचव्या पानावर एक मुलगी होती. कुणी पाहुणा तिचा गाल ओढत होता. तिचं तोंड हसरं होतं आणि खांदे पार कानांपर्यंत चढलेले. खाली प्रश्न होता, 'हिला आवडतंय का?'

"होऽऽ," मुलं ओरडायची. "हसतेय ना ती."

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी पिटुकलीने चित्रावर बोट ठेवलं. पिटुकली म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान मुलगी. शाळा सुरू झाल्यापासून तिच्या तोंडून कुणी चकार शब्द ऐकला नव्हता. ती म्हणाली, "खांदे हसत नाहीत." बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

"अजून थोडं हसा, बाई," फोटोवाला म्हणाला.

बाई अजून थोडं हसल्या. पाठीवर अंगठा फिरला.

पहिल्या रांगेतून पिटुकली उठली. पुस्तकात सांगितलंय तशीच उभी राहिली, पाय जुळवून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत.

"काका, हात काढा. बाईंना आवडत नाही."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. अध्यक्ष तेवढे हसले.

"अगं, बाई तर हसतायत."

"तोंड हसतंय. खांदे हसत नाहीत."

मागे कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी हात काढला नाही. काढला असता तर कबूल केल्यासारखं झालं असतं. पिटुकलीच्या आईने धावत येऊन लेकीचा फ्रॉक धरला आणि तिला खाली ओढलं. मोठ्या बाई तर दारातून तीरासारख्या आल्या. चार वर्षांत त्यांना इतक्या चपळाईने हलताना कुणी पाहिलं नव्हतं.

"मोठ्या माणसांबद्दल असं खोटं बोलतात? साहेबांना सॉरी म्हण. आधी सॉरी म्हण."

"मी खोटं नाही बोलले," पिटुकली म्हणाली. आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

"राहू द्या हो, लहान आहे," अध्यक्ष जिभेवर साखर घोळवत म्हणाले. "आपण बाईंनाच विचारू. काय हो बाई, ही म्हणते तसं आहे का काही?"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाईंना सोमवार दिसला, टेबलावरचा कागद दिसला. ते तीन शब्द आपसूक जिभेवर आले. नेहमी यायचे तसेच.

तेवढ्यात त्यांचं लक्ष पिटुकलीकडे गेलं. मोठ्या बाई तिच्यापुढे बोट नाचवत होत्या आणि ती रडत नव्हती. आईने कानात 'हस' म्हटलं म्हणून कसंबसं हसत होती. तिचे खांदे पार कानांपर्यंत चढले होते.

बाईंना तिडीक आली. साहेबांची आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची. आपण आता नेहमीचं उत्तर दिलं की ही पोर सगळ्यांसमोर खोटी ठरणार होती. मग जन्मात पुन्हा तोंड उघडणार नव्हती. चार वर्षांनी तिच्याही जिभेवर तेच तीन शब्द तयार असणार होते.

"तसं..." बाईंनी सुरुवात केली.

मोठ्या बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. पुढचे दोन शब्द त्यांना पाठ होते.

बाईंनी खांद्यावरचा हात मनगटाला धरून उचलला आणि ज्याचा होता त्याला परत दिला.

"तसंच आहे."