काहिलीची पुढची बाजू

पुराचं पाणी कचेरीच्या पायऱ्या चढून आत आलं, तेव्हा परवान्याचे शिंगटेसाहेब टेबलावर उभे होते. पायाशी प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला नवाकोरा कॉम्प्युटर. सांगलीतल्या साऱ्या नावा माणसं काढायला गेलेल्या. कॉम्प्युटर काढायला आली ती नाथाजी भोयाची काहील.

काहील म्हणजे गुऱ्हाळातली लोखंडी कढई. उसाचा रस उकळून उकळून म्हातारी झाली, की ती भोयाच्या घरी येते आणि मासे धरते. नाथाजीच्या बापानंही हिच्यातूनच जाळं टाकलं होतं.

औंदापासून मात्र परवाना कॉम्प्युटर देणार होता, आणि परवान्यावाचून डोहात जाळं टाकायला बंदी होती. कॉम्प्युटरनं नावेची लांबी-रुंदी विचारली. आठ फूट, आठ फूट. ते त्याला पटेना; लांबी रुंदीपेक्षा जास्त हवी. मग नंबर रंगवायला नावेची पुढची बाजू कुठली, तेही हवं. गोल काहिलीला ती नसते. नाथाजीचे तीन खेटे झाले. घरी बायकोची, शालूबाईची, माशांची पाटी महिनाभर पालथी पडून होती.

नाथाजीनं काहील दाराशी धरली.

"सायेब, ही नाव न्हाई, असं तुमीच म्हणालासा."

"चेष्टा नको नाथाजी. आधी ह्याला घ्या."

"बिगर परवान्याची पाण्यात घातली तर दंड हाय म्हनं."

"इथं दंड कोण करणार?"

"तुमीच की."

दोघांनी मिळून कॉम्प्युटर काहिलीत उतरवला. साहेब त्याला मिठी मारून बसले. नाथाजीनं वल्हं मारलं, तशी काहील सवयीनं एक गिरकी घेऊन निघाली. साहेबांसमोरून कचेरी गेली, पूल गेला, देवळाचा कळस गेला, आणि कचेरी परत आली.

"नाथाजी," साहेब डोळे मिटून म्हणाले, "हिची पुढची बाजू कुठली हो?"

"मिठीत हाय त्याला इचारा की."

काहील आणखी दोनदा फिरली.

"लांबी आठ फूट एक इंच टाकतो," साहेब म्हणाले.

"आन् पुढची बाजू?"

साहेबांनी एक डोळा किलकिला केला.

"काठ दिसेल ती."