गुडघाभर पाणी

पाऊस सरून महिने झाले होते. केटा गावाच्या खाजणात पाणी जेमतेम गुडघाभर उरलं होतं. मी आणि माझा दीर सेलोर्म बांधावरून शिकारी पक्षी बघत होतो.

एका मत्स्यगरुडानं पाण्यात सूर मारला. तो वर आलाच नाही.

थोड्या वेळानं त्याच जागी दुसऱ्यानं झेप घेतली. तोही आला नाही.

"वहिनी, तुझी दुर्बीण म्हातारी झाली," असं हसत म्हणून सेलोर्म पाण्यात उतरला. तिथे पोचून तो वाकला. पाणी त्याच्या गुडघ्यांनाच लागत होतं, पण त्याचा हात सरळ खाली, खांद्यापर्यंत आत गेला.

"तळ लागला का रे?" मी ओरडले.

"पिसं लागतायत," तो हळूच म्हणाला. "खूप आहेत, वहिनी. आणि सगळे श्वास घेतायत."